पुराव्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

पाठ्यपुस्तकातून एखादा धडा वगळला गेला, एखादा पुतळा हलवला गेला किंवा एखाद्या शहराचे नाव बदलले की ठरलेला वाद ठरलेल्या पद्धतीने सुरू होतो. एक बाजू म्हणते, इतिहास जेत्यांनीच लिहिलेला असतो, तेव्हा तो नव्याने लिहिण्याचा हक्क आता आमचा आहे. दुसरी बाजू म्हणते, इतिहास ही शास्त्राची बाब आहे, ती तज्ज्ञांवर सोपवा, कागद खोटे बोलत नाहीत. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि ज्या ठिकाणी इतिहासाचे स्मरण खरोखर घडते किंवा बिघडते तिकडे दोघींचेही लक्ष जात नाही. साप समजून भुई धोपटावी तसे हे चालले आहे, आणि इतक्या गंभीर प्रश्नावर इतका सैल वाद होत राहावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे. शक्तिमान संस्था, मग ते सरकार असो, सैन्य असो, धर्मपीठ असो की बडी कंपनी, इतिहासाच्या स्मरणावर जो प्रभाव पाडतात तो मुख्यतः खोटे सांगून पाडत नाहीत. खोटे आज ना उद्या उघडे पडते. त्यांचा खरा प्रभाव त्याच्या कितीतरी आधी, वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या निर्णयांतून पडतो: कोणती घटना नोंदवायची, कोणता कागद जपायचा आणि कोणता जाळायचा, जपलेला कागद कोणत्या नावाखाली लावायचा, तो कोणाला आणि किती वर्षांनी दाखवायचा. धडे आणि पुतळे यांवरची भांडणे महत्त्वाची आहेत, पण ती पुढची गोष्ट झाली. मूळ प्रश्न हा आहे की ज्या संस्थेविरुद्ध पुरावा आहे, तो पुरावा त्याच संस्थेच्या एकटीच्या ताब्यात असावा का? माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे, आणि ते देशी-विदेशी, सरकारी-खासगी अशा प्रत्येक संस्थेला सारखेच लागू आहे.

केनियाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. 1952 ते 1960 या काळात ब्रिटिश सत्तेने तिथे माउ माउ बंडाविरुद्ध आणीबाणी लागू केली होती. किकुयु समाजातील हजारो लोकांना छावण्यांत डांबले गेले आणि हजाराहून अधिक जणांना फाशी दिली गेली. 3 मार्च 1959 रोजी होला येथील छावणीत 11 बंदिवान पहारेकऱ्यांच्या मारहाणीत मरण पावले. सुरुवातीचे सरकारी निवेदन मात्र असे होते की पाण्याच्या गाडीतले पाणी प्यायल्यानंतर त्यांना मृत्यू आला. हे खोटे फार दिवस टिकले नाही. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली आणि सरकारची नामुष्की झाली. म्हणजे खोटे बोलण्याचा मार्ग फसला. जो मार्ग पुढे जवळजवळ अर्धे शतक यशस्वी ठरला तो दुसराच होता, आणि त्याची वार्ता त्या वेळी फार थोड्यांना होती.

1961 मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्र्यांनी सूचना पाठवली की जे कागद ब्रिटिश सरकारला अडचणीत आणू शकतील ते स्वतंत्र होणाऱ्या देशांच्या नव्या सरकारांच्या हाती पडता कामा नयेत. केनियात फायलींची दोन गटांत विभागणी झाली. नव्या सरकारला द्यायच्या त्या ‘लेगसी’ आणि द्यायच्या नाहीत त्या ‘वॉच’. वॉच फायलींवर डब्ल्यू या अक्षराचा तांबडा शिक्का असे, आणि युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याखेरीज कोणी त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. एखाद्या संचातून अशी फाईल काढून घेतली तर तिची रिकामी जागा कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिथे तशीच दिसणारी बनावट फाईल ठेवायची. कागद जाळायचे असतील तर त्यांची राख करायची आणि ती राखही चुरडून टाकायची. समुद्रात बुडवायचे असतील तर वजन बांधलेल्या पेट्यांत भरून, जिथे प्रवाह नाही अशा खोल पाण्यात सोडायचे. इतक्या बारकाईने हे सारे ठरवून दिलेले होते. एखादे साम्राज्य आवरते घेताना त्याचे अधिकारी चुरडलेल्या राखेचा विचार करत होते, यावरूनच कागदाचे मोल त्यांना किती नेमके कळले होते ते दिसते.

जे जाळले गेले नाही ते इंग्लंडला गेले आणि पुढे बकिंगहॅमशायरमधील हॅन्सलोप पार्क या परराष्ट्र खात्याच्या कडेकोट बंदोबस्तातल्या आवारात पडून राहिले. दरम्यान काही इतिहासकारांनी छावण्यांतून वाचलेल्या वृद्धांशी बोलून त्या काळाचे चित्र उभे करायला सुरुवात केली. त्यांच्यावर टीका झाली ती अशी की तोंडी साक्षींवर एवढा भरवसा कसा ठेवता, कागदोपत्री पुरावा कुठे आहे? पुढे केनियातील काही वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि त्या दाव्याच्या ओघात 2011 मध्ये सरकारला या साठ्याची कबुली द्यावी लागली. 37 पूर्वीच्या वसाहतींच्या सुमारे 8,800 फायली तिथे होत्या. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने 5,228 केनियन लोकांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड मान्य केली आणि संसदेत खेद व्यक्त केला. ‘कागद दाखवा’ म्हणणारे टीकाकार अप्रामाणिक होते असे मला वाटत नाही. त्यांनी लावलेली कसोटी इतिहासशास्त्राची नेहमीचीच कसोटी होती. पण त्या कसोटीचा निकाल काय लागणार हे कागद दडवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते.

या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केनिया 1963 मध्ये स्वतंत्र झाला, पण माउ माउ संघटनेवरची वसाहतकालीन बंदी 2003 पर्यंत उठली नव्हती. नव्या राष्ट्राच्या नेतृत्वात बंडात उतरलेले होते, तसे त्यापासून दूर राहिलेले आणि ते मोडण्यात सामील असलेलेही होते. त्या आठवणी उकरल्या तर राष्ट्र दुभंगेल, असे नव्या सत्तेला वाटले. परकी सत्ता गेली की स्मरण आपोआप मोकळे होते, हा समज भाबडा आहे. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी खुर्चीखालच्या कपाटाचे कुलूप तेच राहते.

आता ‘इतिहास जेते लिहितात’ या वचनाकडे येऊ. त्यात तथ्य आहे हे कोणी नाकारू नये. सोव्हिएत संघात जानेवारी 1937 मध्ये जनगणना झाली. आधीच्या दुष्काळाने आणि सक्तीच्या सामूहिक शेतीने घेतलेले बळी तिच्या आकड्यांतून दिसू लागले, तेव्हा ती जनगणनाच रद्द ठरवली गेली आणि ती करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली, काहींना तर गोळ्या घातल्या गेल्या. बळी तो कान पिळी हे इतिहासातही चालते, यापेक्षा उघड पुरावा कोणता हवा? तरीही ते वचन जसेच्या तसे खरे मानले की अडचणी उभ्या राहतात. अमेरिकेतील यादवीत दक्षिणेचा पराभव झाला. तरी 1894 मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेने पुढची कित्येक दशके दक्षिणेतील शाळांच्या पुस्तकांवर पहारा ठेवला. दक्षिण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली असे म्हणणारे पुस्तक नाकारा, अशी मोजपट्टीच तिच्या वर्तुळातून शाळांना आणि ग्रंथालयांना पाठवली गेली. हरलेल्या बाजूचे बहुतेक पुतळे युद्ध संपताच उभे राहिले नव्हते. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कृष्णवर्णीयांचे मतदानाचे हक्क हिरावले जात असताना उभे राहिले. 1761 मध्ये पानिपतावर मराठे हरले, तरी त्या लढाईविषयी बखरी आणि पत्रे मराठीत विपुल आहेत. मंगोलांनी अर्धे जग जिंकले, पण आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः त्यांनी जिंकलेल्या फारसी आणि चिनी लेखकांच्या शब्दांतून. ज्यांच्यापाशी लेखणी, कपाट आणि शाळा आहे त्यांचे स्मरण टिकते. त्या तिन्ही गोष्टी बहुधा जेत्यांकडे असतात म्हणून वचन खरे वाटते, इतकेच.

आणि या वचनातून जो निष्कर्ष काढला जातो तो तर माझ्या मते घातकच आहे. ‘सगळाच इतिहास कोणाच्या ना कोणाच्या सोयीचा, मग आमच्या सोयीचा का नको?’ हा तो निष्कर्ष. पोपच्या ऐहिक सत्तेला आधार म्हणून शतकानुशतके दाखवले गेलेले सम्राट कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट आहे, हे 1440 मध्ये इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्ला याने सिद्ध केले. दानपत्रातील लॅटिन भाषा चौथ्या शतकातली असूच शकत नाही, रोमच्या दरबारात ‘सत्रप’ म्हणजे इराणी सुभेदार कुठून आले, असे एकेक शब्द घेऊन त्याने ते तपासले. आता हेही खरे की व्हाल्ला ज्या राजाच्या पदरी होता त्या आल्फान्सोचे पोपशी वैर होते. त्याच्या लेखनामागे आश्रयदात्याची सोय होती, हे उघड आहे. पण त्यामुळे दानपत्र खरे ठरते का? हेतू शंकास्पद असूनही निष्कर्ष बरोबर असू शकतो, कारण तो पुराव्यावर इतर कोणालाही तपासता येतो. ‘सगळेच सोयीचे’ म्हणणारा माणूस हा तपासण्याचा रस्ताच बंद करतो, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा होतो तो ज्याच्याकडे लपवण्यासारखे जास्त आहे त्याला. व्हाल्लाला लिहिता आले ते दोन सत्ता एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या म्हणून. एकच सत्ता असती तर तो शब्दांची छाननी कोणाच्या छायेत बसून करणार होता?

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ‘कागदांवर आणि तज्ज्ञांवर सोडा’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते. म्हणूनच त्यातली उणीव अधिक काळजीपूर्वक दाखवली पाहिजे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. कंपनी सरकारला त्यातून हवे होते ते मुख्यतः महसुलाचे आणि इनामांचे पुरावे, आणि पुढे इनाम कमिशनने जुन्या दप्तरांच्याच आधारे लोकांच्या इनामांची छाननी केली. रुमालांत बांधलेले ते हजारो गठ्ठे सरकारच्या दृष्टीने जमिनीचा दाखला होते. मराठ्यांचा इतिहास म्हणून त्यांच्याकडे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला दार उघडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड निघाले ते 1930 नंतरच्या काही वर्षांत. ते दार बंद असताना विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरचे, वाळवी लागू पाहणारे कागद त्यांनी उतरवून घेतले, 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि ही माला 22 खंडांपर्यंत गेली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच खटाटोपातून. सरकारी कपाटाला कुलूप असेल तर दुसरे कपाट उभारायचे, ही या माणसांची दृष्टी होती आणि तिच्याविषयी मला अपार कृतज्ञता आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. राजवाड्यांना कागद मिळाले ते ज्यांच्या घरी कागद होते त्यांचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळखच नाकारली गेली त्यांच्या घरी रुमाल कुठून असणार? महात्मा फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर रचलेल्या पोवाड्यात महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. शेतकऱ्याच्या नजरेतून दिसणारा हा राजा दरबारी कागदांत तसा सापडणारा नव्हता. म्हणजे परकी सत्तेचे कपाट आणि त्याला पर्याय म्हणून उभारलेले कपाट, दोन्ही उघडली तरी समाजाचा मोठा भाग बाहेरच उभा राहतो. ‘कागद खोटे बोलत नाहीत’ हे मान्य केले, तरी कागद कोणाविषयी बोलतात आणि कोणाविषयी बोलतच नाहीत, हा प्रश्न तज्ज्ञाने स्वतःला रोज विचारला पाहिजे. जो विचारतो तोच खरा तज्ज्ञ.

जपलेल्या कागदाला दिलेले नावही तितकेच निर्णायक असते. 31 मे आणि 1 जून 1921 रोजी अमेरिकेतील टल्सा शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती जाळली. बाराशेहून अधिक घरे नष्ट झाली. नंतरच्या चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज 100 ते 300 असा दिला. अधिकृत भाषेत या घटनेला ‘दंगल’ म्हटले गेले. शब्द साधा वाटतो, पण विम्याच्या करारात दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही असे कलम होते आणि त्याच्या आधारे विमा कंपन्यांनी घरे गमावलेल्यांचे दावे फेटाळले. एका शब्दाने आधी भरपाई गेली आणि मग दोष दोन्हीकडे वाटला गेला. स्थानिक वर्तमानपत्राचा त्या दिवसाचा अंक पुढे सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेतला गेला तेव्हा ज्या बातमीने जमाव भडकल्याचे सांगितले जाते ती बातमी त्या पानावरून आधीच फाडून काढलेली होती. चौकशी आयोग नेमला गेला 1997 मध्ये, म्हणजे 76 वर्षांनी. मधल्या काळात त्या राज्यातील शाळांमधून मुलांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या कानी ग्रीनवूडचे नावही पडले नव्हते. कोणी त्यांना खोटे सांगितले होते का? बहुधा नाही. कोणी काही सांगितलेच नव्हते.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. कोणताही समाज सर्व काही आठवून जगू शकत नाही, निवड करावीच लागते, आणि कधी कधी विसरणे हीच शांततेची अट असते. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याने 1882 मध्येच सांगितले होते की राष्ट्र घडण्यासाठी विस्मरण आवश्यक असते. फ्रान्समधील 1598 च्या नांतच्या फर्मानाचे पहिलेच कलम असे होते की धर्मयुद्धांत जे काही घडले त्याची आठवण विझून जावी. इ.स.पू. 403 मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट संपली तेव्हा नागरिकांनी जुनी वैरे न उकरण्याची शपथ घेतली, आणि त्यामुळे लोकशाही पुन्हा रुजली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांनी शेजाऱ्याच्या हातून भाऊ गमावला त्यांना त्याच शेजाऱ्याबरोबर पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. त्यांना ‘सारे आठवा’ असा उपदेश दुरून करणे सोपे आहे.

पण अथेन्सचेच उदाहरण नीट पाहावे. शपथ होती ती सूड न घेण्याची. खुद्द त्या तिसांना तिचे संरक्षण सरसकट नव्हते, आणि वक्ता लिसियास याने आपल्या भावाच्या हत्येबद्दल त्या तिसांपैकी एकावर केलेला आरोप आजही वाचायला मिळतो. इतिहासकार झेनोफोनने त्या राजवटीची हकिगत लिहून ठेवली. म्हणजे शिक्षेवर पाणी सोडले, पण घडले ते पुसले नाही. क्षमा आणि पुरावा नष्ट करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घडलेले माहीत असेल तरच क्षमा करता येते, नाहीतर क्षमा करायची ती कशाची? शिवाय विसरण्याचा भार सर्वांवर सारखा पडतो का, हेही पाहावे लागते. स्पेनमध्ये यादवी जिंकून सत्तेवर आलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये सर्वमाफीचा कायदा झाला आणि त्याने देशाला रक्तपाताशिवाय लोकशाहीकडे नेण्यास मदत केली, हे मान्यच आहे. परंतु फ्रँकोच्या बाजूच्या मृतांना त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे स्मारके आणि सन्मान मिळून चुकले होते. विसरायचे राहिले होते ते फक्त दुसऱ्या बाजूने. तिची माणसे रस्त्याकडेच्या चरांत बेनाम पुरलेली होती. 2000 मध्ये एका नातवाने आजोबांचा शोध घेत प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळची अशी एक जागा खणून काढली. 13 पुरुषांचे सांगाडे मिळाले. त्या दिवसापासून सुरू झालेली उत्खनने आजही चालू आहेत. आजोबांची हाडे शोधणारा नातू शांतता बिघडवत होता असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. विसरण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा आहे. ज्याने केले त्याने तो त्याच्या वतीने वापरू नये.

सुरक्षेसाठी गुप्तता हवी, हा आक्षेप त्यामानाने लवकर निकालात निघतो. काही कागद काही काळ बंद ठेवावे लागतात, यात वाद नाही. वाद आहे तो ‘काही काळ’ कोण ठरवणार यावर. 1962 च्या चीन युद्धातील भारतीय सैन्याच्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल 1963 मध्ये सरकारला सादर झाला. त्याचा काही भाग 2014 मध्ये एका परदेशी पत्रकाराने स्वतःहून प्रसिद्ध केला, पण अर्धशतक उलटूनही एकाही पक्षाच्या सरकारने तो अधिकृतपणे खुला केला नव्हता. ज्या खात्याची चूक अहवालात आहे तेच खाते तो उघडण्याची वेळ ठरवणार असेल तर ती वेळ कधी येईल?

इंटरनेटने ही मक्तेदारी मोडली, असे तरुण मित्र सांगतात. काही अंशी ते खरे आहे. ज्याच्या हातात फोन आहे तो आज साक्षीदार होऊ शकतो. पण त्याची साक्ष साठते ती कोणाच्या कपाटात? सिरियाच्या यादवीत सामान्य माणसांनी जीव धोक्यात घालून हजारो चित्रफिती टिपल्या आणि यूट्यूबवर चढवल्या. 2017 मध्ये दहशतवादी मजकूर हटवण्यासाठी लावलेल्या यंत्रणेने त्यांपैकी हजारो आपोआप काढून टाकल्या. बॉम्बहल्ला करणाऱ्याचा प्रचार आणि बॉम्बहल्ल्याचा पुरावा यांतला फरक यंत्राला कळला नाही. काही परत मिळवता आल्या, तेही प्रती आधीच दुसरीकडे जपणारे लोक होते म्हणून. कंपनीचा हेतू वाईट नव्हता, पण कपाट खासगी मालकीचे होते आणि चावी एकाच हाती होती.

पुतळ्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण वाद तिथूनच सुरू होतात. सगळे पुतळे राहिलेच पाहिजेत असे मी म्हणत नाही. कोलकात्यातील होलवेल स्मारक कर्झनच्या काळात पुन्हा उभारले गेले ते ‘अंधारकोठडी’च्या, म्हणजे 1756 मध्ये तिथे कोंडलेले इंग्रजांकडचे कैदी गुदमरून मेल्याच्या, कहाणीसाठी. 146 जण कोंडले गेले आणि 123 मेले हा आकडा त्यातून वाचलेल्या एकट्या होलवेलचा, आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो फुगवलेला ठरवला. 1940 मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले आणि स्मारक हलवले गेले, ते योग्यच झाले. ते फोडले गेले नाही, एका चर्चच्या आवारात उभे आहे. त्याहून मला शिकवून जाते ते दिल्लीच्या टेकडीवरचे 1863 मधील स्मारक. 1857 मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांच्या गौरवासाठी ते बांधले गेले आणि त्यावरच्या शिलालेखांत ‘शत्रू’ हा शब्द आहे. 1972 मध्ये त्याला अजीतगढ हे नवे नाव मिळाले आणि तिथे एक फलक लागला. या स्मारकावरील लेखांत ज्यांना शत्रू म्हटले आहे ते परकी सत्तेविरुद्ध उठलेले आणि देशाच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते, असे तो फलक सांगतो. जुना दगड तसाच आहे. तो वाचणाऱ्याला आता साम्राज्य कसे बोलत होते तेही कळते आणि त्याला उत्तर कोणी दिले तेही कळते. दगड फोडला असता तर पहिली गोष्ट आपण गमावली असती.

म्हणून वादाची जागा बदलावी, अशी माझी विनंती आहे. धडा वगळला गेल्यावर जितका आवाज उठतो त्याच्या निम्मा जरी पुराभिलेखागारांच्या अवस्थेबद्दल उठला तरी पुष्कळ साधेल. कागद नष्ट करायचा असेल तर कोणता कागद, कोणाच्या आदेशाने आणि का नष्ट केला याची यादी प्रसिद्ध झाली पाहिजे. गुप्त फाईल कधी उघडायची ती तारीख फाईल तयार होते त्याच दिवशी तिच्यावर लिहिली गेली पाहिजे. अभिलेखपाल ज्या खात्यांचे कागद सांभाळतो त्यांच्या हाताखाली असता कामा नये, आणि प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी असलीच पाहिजे. खासगी संस्थांनाही हे लागू करता येते. 1998 मध्ये अमेरिकेतील राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी तडजोड केली तेव्हा कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे लोकांसाठी खुली करण्याची अट घातली होती, आणि धूम्रपानाच्या धोक्यांबद्दल कंपन्यांना आतून काय ठाऊक होते हे त्यामुळेच आज कोणालाही वाचता येते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत हे आपल्या पूर्वजांना खजिन्याबाबत कळत होते. पुराव्याबाबत ते कळायला एवढा उशीर का व्हावा?

हे अशक्य नाही, याचा दाखलाही आहे. 1989 च्या डिसेंबरमध्ये पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टासीच्या, कचेऱ्यांच्या धुराड्यांतून धूर येताना लोकांना दिसला. एरफुर्ट शहरात प्रथम काही स्त्रिया पुढे झाल्या आणि लोकांनी कचेरी ताब्यात घेतली. जानेवारी 1990 मध्ये बर्लिनचे मुख्यालय लोकांच्या हाती आले. फाडणारी यंत्रे कमी पडल्यामुळे कर्मचाऱ्यांनी हातांनी फाडलेल्या कागदांची सुमारे 16,000 पोती शिल्लक राहिली. ते कपटे पुढे कित्येक वर्षे माणसांनी टेबलावर पसरून, फाटलेल्या कडा आणि शाईचा रंग जुळवत चिकटवले. 1991 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि 1992 पासून प्रत्येक नागरिकाला स्वतःवरची फाईल वाचण्याचा हक्क मिळाला. कोणत्या मित्राने, कोणत्या सहकाऱ्याने आपली खबर दिली हे लोकांनी त्या वाचनालयात बसून वाचले. अनेक संसार आणि मैत्री मोडल्या, हे खरे आहे. तरी सूडाच्या ज्या लाटेची भीती घातली गेली होती ती आली नाही.

केनियातील वृद्धांना अशी संधी मिळाली नाही. 2013 च्या तडजोडीनंतर आणखी 40,000 हून अधिक केनियन लोकांनी लंडनमध्येच दावा लावला. 2018 मध्ये तो फेटाळला गेला. घटनांना इतका काळ लोटला आहे की आता न्याय्य सुनावणी होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जे वॉच कागद न जाळता इंग्लंडला नेले गेले होते, ते या लोटलेल्या काळातली जवळजवळ पन्नास वर्षे त्या न्यायालयापासून मोटारीने दोनेक तासांच्या अंतरावर कपाटात होते.